शहाळी नकोत, मंगळवार द्या

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. घरात लांबणारा आजार आला की नातलगांची मदत मागावी कशी, करावी कशी आणि घ्यावी कशी, असा तो विषय आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून एका विमा कार्यालयात नोकरी करते. आम्ही कोथरूडला राहतो. माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे गेल्या दिवाळीपासून दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी अकरा ते तीन या वेळेत नळ स्टॉपजवळच्या एका केंद्रात त्यांचे डायलिसिस चालू आहे. घरी ७४ वर्षांच्या सासूबाई आणि बारावीत शिकणारा मुलगा आहे. मंगळवारी आणि गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेते. शनिवारी मुलगा क्लास बुडवून वडिलांबरोबर जातो. माझ्या रजा आता संपत आल्या आहेत.

नातलग नाहीत असे नाही. चिंचवडच्या नणंदबाई दर रविवारी सहकुटुंब भेटायला येतात, येताना चार शहाळी आणि डझनभर मोसंबी आणतात, आणि जेवूनच जातात. शहाळी यांना चालत नाहीत हे मी दोनदा सांगितले, तर "शहाळ्याने कधी कोणाचे वाईट झाले आहे का?" असे उत्तर मिळाले. चुलत सासऱ्यांनी मूत्रपिंडे पुन्हा चालू करणाऱ्या काढ्याची बाटली आणून दिली आहे. बंगळूरचे धाकटे दीर दरमहा दहा हजार रुपये पाठवतात. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, परंतु अलीकडे ते कोणत्या इंजेक्शनला किती लागले हे विचारू लागले आहेत. साताऱ्याचा माझा भाऊ केव्हाही यायला तयार असतो, पण सासरच्यांना काय वाटेल म्हणून मी त्याला बोलावत नाही. "काही लागले तर सांगा" असे सगळेच म्हणतात. सांगितले की मात्र प्रत्येकाला काहीतरी अडचण असते. मूत्रपिंड देण्याविषयी घरात कोणी उघडपणे बोलत नाही, तरी ते मीच देणार हे सर्वांनी गृहीत धरले आहे असे मला वाटते. मी मदत मागावी तरी कशी?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांपैकी अवघड प्रश्न आपण शेवटच्या एका वाक्यात उरकला आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी शहाळ्यांचे पाहू, कारण तो विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात, पण आपल्या यजमानांच्या शरीरात ते पुढच्या डायलिसिसपर्यंत साठत राहते, आणि रक्तातले त्याचे प्रमाण फार वाढले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन प्राणावर बेतू शकते. मोसंबी, संत्री, केळी, टोमॅटो, बटाटा आणि सुकामेवा यांचीही हीच अडचण आहे. त्यातही आपले वेळापत्रक पाहा: शनिवारनंतरचे डायलिसिस थेट मंगळवारी असते, म्हणजे आठवड्यातला सर्वांत लांब खंड नेमका नणंदबाईंच्या रविवारी येतो. प्रेमाने आणलेली वस्तू सर्वांत वाईट मुहूर्तावर घरात येते आहे. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या काही मिठांत सोडियमच्या जागी पोटॅशियमच वापरलेले असते. रक्तदाब आहे म्हणून एखाद्या हितचिंतकाने तसले पाकीट आणले असेल, तर तेही स्वयंपाकघरातून काढून टाकावे.

हे आपण सांगून पटणार नाही, कारण आपण सांगितले की तो वहिनीचा नियम होतो. नणंदबाईंना एकदा केंद्रातल्या आहारतज्ज्ञांपुढे बसवावे आणि त्यांना जे विचारायचे ते विचारू द्यावे. मी अनेक वर्षे रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केले, आणि सुनेच्या तोंडून न पटलेली गोष्ट पांढऱ्या कोटातल्या व्यक्तीच्या तोंडून पाच मिनिटांत पटलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की त्याचा राग येणेही मी सोडून दिले आहे. काढ्याची बाटली तशीच मूत्रपिंडतज्ज्ञांकडे न्यावी आणि त्यांचे उत्तर चुलत सासऱ्यांना फोनवर त्यांच्याच आवाजात ऐकवावे. काही वनौषधी आणि भस्मे मूत्रपिंडांना अपाय करतात, आणि अशा औषधांच्या भरवशावर डायलिसिस थांबवणे तर जिवावर बेतणारे ठरते. इथे वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचा प्रश्नच येत नाही.

आता मदतीविषयी. आपल्याकडच्या नातलगांना मदत करता येत नाही असे मला वाटत नाही. लग्न असो, बाळंतपण असो की घरात कोणी गेलेले असो, न बोलावता माणसे येतात, सतरंज्या घालतात, चहाची पातेली चढवतात आणि कोणाला कोणते काम हे सांगावेही लागत नाही, कारण ती कामे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत आणि ती दहा-तेरा दिवसांत संपतात. दर आठवड्याला तीनदा येणाऱ्या आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजाराची मात्र आपल्याकडे कोणतीही रीत नाही. म्हणून नणंदबाई त्यांना ठाऊक असलेली रीत पाळत आहेत: आजाऱ्याला भेटायला जावे आणि जाताना शहाळे न्यावे. "काही लागले तर सांगा" हे वाक्यही लबाडीचे नसते. ते म्हणणाऱ्याला काय लागते आहे याची कल्पनाच नसते, इतकेच.

ती कल्पना आपल्यालाही नेमकी असावी, म्हणून एकदा हिशेब मांडावा. यंत्रावरचे चार तास, जाण्यायेण्याचा वेळ, सुया काढल्यानंतर रक्त थांबेपर्यंत दाबून बसणे आणि उठताना चक्कर येत नाही ना हे पाहणे असे धरले, तर एका खेपेला साडेपाच ते सहा तास जातात. म्हणजे आठवड्याला सतरा-अठरा तास. आपल्या घराची गरज ती ही, आणि रविवारच्या भेटीने तिच्यातला एकही तास कमी होत नाही. मात्र हे सगळे तास एकाच माणसाने द्यावेत असेही नाही. केंद्रात विचारून पाहावे. पुष्कळदा चार तास शेजारी बसण्याची गरज नसते, पण संपल्यावर थकवा येतो, रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात, तेव्हा घरी आणायला कोणीतरी लागतेच. यजमान सकाळी रिक्षाने एकटे जाऊ शकत असतील, तर खरी गरज दुपारी अडीच ते साडेचारची आहे. अर्ध्या दिवसाच्या रजेपेक्षा दोन तासांचे काम वाटून देणे सोपे असते.

तेव्हा नणंदबाईंना "मदत करा" असे म्हणू नये. "ताई, दर मंगळवारी तीन वाजता यांना केंद्रातून घरी आणायचे काम मी तुमच्याकडे देते आहे" असे म्हणावे. वार, वेळ आणि काम ही तिन्ही एकाच वाक्यात यावीत. चिंचवडहून येणे लांब पडते, हे कारण एके काळी खरे होते. आता पिंपरीला मेट्रोत बसून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की नळ स्टॉपला उतरता येते. त्या नाही म्हणाल्या तर वाईट वाटेल, पण निदान कोणाच्या भरवशावर राहायचे नाही हे तरी कळेल, आणि अनुभव असा की नेमके काम दिले की निम्मी माणसे हो म्हणतात. रविवारच्या जेवणाबद्दलही संकोच सोडावा: जेवायला यावे, पण पोळी-भाजी घेऊन यावे, असे सरळ सांगावे. पाहुण्यांच्या बाबतीत पुण्याची जी ख्याती साऱ्या महाराष्ट्रात पसरली आहे, तिचा एकदा तरी उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

मुलाच्या शनिवारबद्दल मात्र मी आग्रही आहे. बारावीच्या वर्षात हे ओझे त्याच्यावरून काढावे, आणि त्यासाठी साताऱ्याच्या भावाला बोलवावे. तो शुक्रवारी रात्री येऊन शनिवारी संध्याकाळी परत जाऊ शकतो. महिन्यातून दोनदा आला तरी मुलाचे दोन शनिवार सुटतात, आणि उरलेल्या दोहोंचे सासरच्या मंडळींनी बघावे. माहेरच्या माणसाने जावयाची सोबत केली म्हणून सासरची अब्रू जाते, ही समजूत कोणी आपल्याला बोलून दाखवली आहे, की ती आपलीच आहे, हे पुन्हा एकदा पाहावे.

दिरांविषयी माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. दरमहा पैसे पाठवणाऱ्याने हिशेब विचारणे हा मला अपमान वाटत नाही. जो लांब असतो त्याला खर्चाखेरीज दुसरे काही दिसतच नाही. पण प्रत्येक इंजेक्शनचा हिशेब देण्याचे काम आपण करू नये. त्यांना एखादा पूर्ण खर्च सोपवावा, उदाहरणार्थ दरमहाच्या रक्ततपासण्या आणि रक्तवाढीची इंजेक्शने, आणि त्याचे पैसे त्यांनी प्रयोगशाळेला व औषधाच्या दुकानाला परस्पर द्यावेत. त्याशिवाय कागदपत्रांचे सगळे काम त्यांच्याकडे द्यावे, कारण ते बंगळूरहूनही होते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे; आपले केंद्र योजनेत आहे का आणि नसेल तर जवळचे कोणते आहे, ही चौकशी योजनेतल्या रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, करता येते. पुण्यातली कित्येक मोठी रुग्णालये धर्मादाय विश्वस्त संस्थांची आहेत आणि कायद्याप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाच्या मर्यादेत आपण बसता की नाही हे दिरांनीच तपासावे. हे करताना चार ठिकाणी फोन करावे लागले की हिशेबाचे प्रश्न आपोआप कमी होतात.

आणखी एक गोष्ट खटकली. आपल्या पत्रात सर्वांची वाक्ये आहेत, यजमानांचे एकही नाही. ज्या हातावर डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केला आहे त्या हाताने ओझे उचलू नये, त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, हे खरे; पण बहिणीला फोन करण्यास त्यांना कोणतीही आडकाठी नाही. सख्ख्या भावाने मागितलेला मंगळवार आणि वहिनीने मागितलेला मंगळवार यांत फरक पडतो. डायलिसिस नसलेल्या दिवशी वीजबिल, बँक, मुलाच्या परीक्षेचे अर्ज ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत.

आता मूत्रपिंडाविषयी. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातलगांत पती-पत्नी, आई-वडील, मुलगे-मुली आणि भाऊ-बहिणी यांची गणना केली, आणि २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचीही भर घातली. म्हणजे आपण जशा या यादीत आहात तसेच दीर आहेत आणि नणंदबाईही आहेत; आपला भाऊ मात्र यात येत नाही, त्याला द्यायचे झाल्यास या कायद्याखालच्या प्राधिकार समितीची परवानगी लागेल. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि ती केवळ रक्तगट जुळल्यामुळे झालेली नाही, हे मी चाळीस-चाळीस बिछान्यांच्या वॉर्डांत पाहिले आहे. कोणी तोंडाने म्हणत नाही; सगळे जण एकाच व्यक्तीकडे बघतात.

द्यायचे की नाही हे मी सांगणार नाही. पण हा निर्णय गृहीतकातून होऊ देऊ नये. प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात समन्वयक असतात; त्यांना कुटुंबाची एक बैठक घ्यायला सांगावे आणि दीर, नणंद, आपण अशा सर्वांसमोर एकदाच माहिती येऊ द्यावी, म्हणजे कोणाच्या तपासण्या व्हायच्या हा विषय उघड होईल. दात्याशी डॉक्टर स्वतंत्रपणे, घरचे कोणी जवळ नसताना बोलतात. आपली इच्छा नसेल किंवा भीती वाटत असेल तर ते तिथे मोकळेपणाने सांगता येते. रक्तगट न जुळल्यास दोन कुटुंबांनी परस्परांना दान करण्याची, म्हणजे अदलाबदलीची, सोयही कायद्यात आहे. दरम्यान मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नाव नोंदवून ठेवावे. नाव घातल्याने घरातला दाता पुढे येण्याची वाट बंद होत नाही. आणि आपणच द्यायचे ठरले, तर एका घरात एकाच वेळी दोन रुग्ण असतील, आपल्याला काही आठवडे जड उचलता येणार नाही आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहायला दुसरे कोणी लागेल. मंगळवारचे दोन तास कोण देतो, हे आजच पाहायला हवे ते यासाठीही.

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर राहणारी ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या धाकट्या भावाच्या पत्नीला स्तनांचा कर्करोग झाला असून दर तीन आठवड्यांनी तिची केमोथेरपी असते. पहिल्या फेरीपासून मी त्यांच्याकडेच राहायला गेले. स्वयंपाक हाती घेतला, कपाटे आवरली, डबे पुसून नीट ओळीने लावले, मुलांच्या टीव्हीला वेळ ठरवून दिली. दुसऱ्या फेरीनंतर ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल." मी इतके करून मला हे ऐकावे लागले. माझे काय चुकले?

उत्तर : डबे चुकले. आपला हेतू नव्हे, डबे.

आपल्या भावजयीचे केस गेले किंवा जात असतील, चवी बदलल्या असतील, कामावर जाणे थांबले असेल. आणि अशा वेळी मोहरीचा डबा नेहमीच्या जागी हात घातला तर सापडत नाही, त्या जागी साखर असते. तिच्या ताब्यात उरलेल्या फार थोड्या गोष्टींपैकी ते स्वयंपाकघर होते. आपण वर्ग हाती घेतल्यासारखे घर हाती घेतलेत, आणि ते आपण उत्तम केले असणार याबद्दल मला शंका नाही. तीच तर अडचण आहे.

घरी जावे आणि चार दिवसांनी फोन करून विचारावे की कोणत्या दिवशी काय करू. केमोथेरपीच्या काळात अनेकींना फोडणीच्या वासानेच मळमळते. तसे असेल तर आपल्या घरी शिजवून नेणे हीच मोठी मदत ठरेल, पण काय शिजवायचे ते तिने सांगावे. दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. औषध दिल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या दिवसांत जंतुसंसर्ग झपाट्याने वाढू शकतो. घरात तापमापक असावा, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला तर नुसती तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्री दोन वाजताही रुग्णालयाला फोन करून निघावे. त्या आठवड्यात रात्री मुलांजवळ येऊन थांबायला मी केव्हाही तयार आहे, एवढे भावाला सांगून ठेवावे. सर्दी-खोकला असलेल्या भेटकऱ्यांना जिन्यातूनच परत पाठवण्याचे कामही आपल्याला साधेल असे वाटते. तिथे शिक्षिकेचा आवाज अवश्य वापरावा.

आणि जाण्यापूर्वी डबे होते तसे लावून द्यावेत. कसे होते ते आठवत नसेल तर तिला विचारावे.

प्रश्न : माझे वय ६९ असून मला सहा वर्षांपासून पार्किन्सन्सचा आजार आहे. आम्ही नारायण पेठेत राहतो. मुलगा, सून, पुतणे सगळे माझे मनापासून करतात, तक्रार काहीच नाही. पण घरी आलेले नातलग माझ्यासमोर माझ्या पत्नीला विचारतात, "यांना चहात साखर चालते का?" मला मधुमेह नाही आणि मला ऐकूही उत्तम येते. हे कसे थांबवावे?

उत्तर : आपल्या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात आणि भाव उमटेनासे होतात, आवाजही हळू आणि एकसुरी होतो. समोरच्याला वाटते की यांना कळत नाही किंवा हे रागावले आहेत, आणि तो बिचारा उत्तर मिळेल अशा चेहऱ्याकडे वळतो. हे पाहुण्यांना ठाऊक नसते. आपल्या पुतण्याने ते प्रत्येकाला दाराशीच सांगावे. पत्नीला एक विनंती करावी: असा प्रश्न आला की त्यांनी उत्तर न देता आपल्याकडे पाहावे आणि आपले वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे, मग त्याला अर्धा मिनिट लागो. मोठ्याने बोलण्याचा सराव वाचा-उपचार तज्ज्ञ करून देतात, आणि त्याचा उपयोग होतो. भेटीची वेळही आपणच द्यावी, म्हणजे गोळीचा अंमल चांगला असतो त्या तासांत माणसे येतील.

पाहुणे बसले की चहा कसा हवा, हे त्यांना आपणच आधी विचारावे. कप मात्र पुतण्याने आणावेत.